संध्याकाळी गाड्या पलीकडे

आपलं मूल या घटकेला कुठे आहे, हे वाईतल्या आमच्या आयांना नेमकं माहीत नसायचं. पण ते कुणाच्या तरी नजरेखाली आहे, याची त्यांना खात्री असायची. माझी मुलगी कुठे आहे, हे मला सतत माहीत असतं. शाळेची बस कोणत्या चौकात आली ते फोन दाखवतो, क्लासला पोचल्याचा मेसेज येतो, ती सोसायटीच्या फाटकातून आत आली की तेही कळतं. एवढं सगळं कळत असूनही तिला दहा मिनिटं उशीर झाला की माझ्या काळजात धस्स होतं. आमच्या आयांच्या होत नसे. हा फरक का पडला, हे मी मुलगी वाढवताना समजून घेत आले आहे. त्यातून जे हाती लागलं, ते इथे लिहिते आहे.

माझं बालपण 1980 च्या दशकात वाईत गेलं. कृष्णेच्या काठाचं, घाटांचं गाव. आमच्या वाड्यात सात-आठ बिऱ्हाडं होती. मोठा दरवाजा, त्यातली दिंडी, आत फरसबंद चौक, चौकाच्या चारही अंगांना ओसऱ्या आणि मागे हौद. दार लोटलेलं असायचं. कडी रात्री झोपतानाच लागायची. शाळा सुटली की दप्तर ओसरीवर टाकायचं, पोळीची गुळ-तुपाची गुंडाळी हातात घ्यायची आणि बाहेर पडायचं. परत कधी यायचं, तर दिवेलागणीला. वाड्यात पाच वर्षांच्या पोरापासून दहावीतल्या दादापर्यंत सगळ्या वयाची मुलं होती आणि ती सगळी एकत्र खेळायची. लगोरी, विषामृत, साखळी, आट्यापाट्या, डबा ऐसपैस. लगोरीला फुटक्या कौलांचे तुकडे आणि डबा ऐसपैसला डालड्याचा रिकामा डबा, एवढंच सामान. डबा ऐसपैसमध्ये ज्याच्यावर राज्य असेल त्याला फसवायला मुलं एकमेकांचे शर्ट घालून भिंतीआडून नुसता खांदा दाखवायची. चुकीचं नाव घेतलं की राज्य पुन्हा त्याच्यावरच.

या खेळांत मोठ्यांपैकी कुणीही नसायचं. नियम मुलांचे, भांडणं मुलांची आणि ती मिटवायचीही मुलांनीच. माझ्यासारखी लहान मुलगी खेळात आली की तिला लिंबूटिंबू ठरवायचे. म्हणजे तिनं सगळ्यांबरोबर पळायचं, लपायचं, पण तिच्यावर राज्य यायचं नाही. वर्ष-दोन वर्षांनी एखाद्या संध्याकाळी कुणीतरी म्हणायचं, ‘‘आता हिच्यावर राज्य द्या, ही मोठी झाली.’’ मला ते म्हटलं गेलं तेव्हा झालेला आनंद मला पुढे कुठल्याही निकालाच्या दिवशी झाला नाही. लहानांना सामावून कसं घ्यायचं, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. आधी आम्ही स्वतः सामावले गेलो होतो, म्हणून ते येत होतं.

पोहणंही असंच. उन्हाळ्याची सुट्टी लागली की दादा आणि त्याचे मित्र सकाळीच नदीवर. नवशिक्याच्या पाठीला सुकवलेला भोपळा किंवा झाळून हवाबंद केलेला पत्र्याचा डबा बांधायचा. पहिले काही दिवस घाटाच्या पायरीला धरून पाय मारायचे, मग दोन मोठ्या मुलांच्या मधून थोडं अंतर जायचं. अंगात थोडं बळ आलं की डबा काढून कमरेला दोर, आणि एक दिवस दोरही सुटायचा. तेव्हापासून तो मुलगा वरच्या पायरीवरून मुटका मारायला मोकळा. घाटावर कपडे धुणाऱ्या बाया असायच्या, अंघोळीला आलेले म्हातारे असायचे. कुणी फार आत जायला लागलं की त्यांच्यातलंच कुणी ओरडायचं, ‘‘ए, अमक्याचा ना तू? ये इकडं आधी!’’ संध्याकाळपर्यंत ही बातमी घरी पोचलेली असायची.

आज मागे वळून पाहताना मला त्या मुलांपेक्षा ती मोठी माणसंच जास्त दिसतात. चौकात उन्हाळ्यात वाळवणं घातलेली असायची, पापड, कुरडया, सांडगे. आमचा चेंडू त्यात पडायचाच. समोरच्या काकू कानाला धरून दोन शब्द सुनवायच्या, चेंडू एक दिवस जप्त करायच्या आणि दुसऱ्या दिवशी परत द्यायच्या. माडीवरचे अण्णा दुपारी झोपायचे. आमच्या आरडाओरड्यानं त्यांची झोप मोडली की ते खिडकीतून पाण्याचा तांब्या रिकामा करायचे. पण चौकात खेळायचंच नाही, असं त्यांनी कधी म्हटल्याचं मला आठवत नाही. कौल फुटलं तर ते बदलण्याचे पैसे ज्याच्या हातून फुटलं त्याच्या घरून जायचे आणि विषय तिथेच संपायचा. मुलांचा त्रास होतो, हे सगळ्यांना मान्य होतं. तो सोसायचा असतो, हेही मान्य होतं. आमचं मोकळं बालपण त्या सोसण्यावर उभं होतं, आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता.

पण त्या काळाबद्दल बोलताना मी त्याची दुसरी बाजू झाकणार नाही, कारण ती मी पाहिली आहे. शाळेत छडी रोजची होती. पाढा चुकला की हातावर वळ उठायचा आणि घरी सांगितलं तर ‘‘मग पाठ करून का नाही गेलीस?’’ हा प्रश्न आधी यायचा. मागच्या बाकावरची कितीतरी मुलं केवळ माराच्या भीतीनं शाळा सोडून गेली. एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात आमच्याच वयाचा एक मुलगा कपबश्या विसळायचा. आम्ही खेळायला निघायचो तेव्हा तो दाराशी उभा राहून बघायचा. बालमजुरीला आळा घालणारा कायदा 1986 साली झाला, पण त्या मुलाच्या हातातलं फडकं मी शाळेत असेपर्यंत तसंच पाहिलं. आमच्या वाड्याच्या चौकात कोणत्या आळीतली मुलं खेळायला येतात आणि कोणत्या आळीतली येत नाहीत, हेही कुणी न सांगता ठरलेलं होतं. ते कशावरून ठरलं होतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

आणि मुलींचं बालपण तर मधेच थांबायचं. आम्हा मुलींना आत्या पहाटे अंधारात नदीवर न्यायची, म्हणून मी पोहायला शिकले. पण पाळी सुरू झाली त्या उन्हाळ्यात माझं नदीवर जाणं बंद झालं. डबा ऐसपैसही बंद. महिन्यातले ते दिवस ओसरीच्या कोपऱ्यात वेगळं बसायचं आणि इतर दिवशी घरकामाला हात लावायचा. दादा त्याच वर्षी धोमच्या धरणापर्यंत सायकलनं जाऊन आला. मी त्याच्या परतीची वाट बघत दारात उभी होते, हे मला लख्ख आठवतं.

अजून एक गोष्ट आहे, जी आमच्या पिढीतल्या बायका आपसांत आता कुठे बोलू लागल्या आहेत. वाड्यात, आळीत सगळे ओळखीचे होते, हे खरं. पण ओळखीचा माणूस म्हणजे सुरक्षित माणूस, असं नव्हतं. कुणाचा स्पर्श नकोसा वाटला तरी तो सांगायला आमच्याकडे शब्द नव्हते, आणि सांगितलं असतं तर ऐकून घेणारं कुणी होतं का, याचीही शंका आहे. आज माझ्या मुलीच्या शाळेत चांगला आणि वाईट स्पर्श शिकवला जातो. 2012 साली बालकांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि त्याच्या 17 व्या कलमानं शाळेतल्या शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी घातली. माझी मुलगी शिक्षकांना शंका विचारते, बाबांशी वाद घालते, पाळीबद्दल घरात सरळ बोलते. हे तिला मिळालं आहे आणि ते फार मोलाचं आहे. त्यामुळे ‘आमच्या वेळी सगळं चांगलं होतं’ हे वाक्य माझ्या तोंडून कधी निघत नाही.

तरीही तिच्या वाट्याला जे आलं नाही, ते मला सलतं. आम्ही पुण्यात राहतो. ती एकुलती. आम्ही दोघंही नोकरी करतो. तिच्या आठवड्यातल्या जवळजवळ प्रत्येक संध्याकाळला एक नाव होतं: सोमवारी कथक, मंगळवारी गणित, मग पोहण्याचा तलाव, मग पुन्हा कथक. हे सगळं तिला आवडतं, तिनं स्वतः निवडलेलं आहे. पण यातला प्रत्येक तास कुणीतरी मोठा माणूस चालवतो. कधी सुरू करायचं, कुणी पुढे उभं राहायचं, चुकलं तर काय करायचं, सगळं ताई किंवा सर ठरवतात. शिवाय तिथली सगळी मुलं तिच्याच वयाची. तिच्याहून चार वर्षांनी लहान मुलाला खेळात घ्यायची वेळ तिथे तिच्यावर येत नाही. चार वर्षांनी मोठ्या मुलीचं बघून काही उचलायची संधीही मिळत नाही.

मोकळ्या वेळात ती बाहेर का जात नाही, असं माझी आई मला विचारायची. तिला वाटायचं, मुलं मोबाईलमुळे घरात बसतात. मी नीट बघू लागले तेव्हा मला क्रम उलटा दिसला. आधी बाहेरची जागा गेली, मग मुलं घरात आली आणि घरात त्यांना मोबाईल सापडला. आम्ही वाईत तासाच्या भाड्यानं सायकल घ्यायचो आणि मधल्या नळीखालून पाय घालून ती शिकायचो, तेव्हा रस्त्यावरून मिनिटाला एखादं वाहन जायचं. पुणं तर सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. आज आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असतात, पदपथावरून दुचाक्या येतात आणि रस्ता ओलांडताना मलाच दोनदा थांबावं लागतं. अकरा वर्षांच्या मुलीला त्यात एकटीला सोडायला माझं मन धजत नाही, आणि ती भीती खरी आहे. फाटकाच्या आत यावं, तर तिथेही पार्किंग. नकाशात जे ‘मोकळी जागा’ म्हणून दाखवलं होतं, तिथे शोभेची हिरवळ आणि पाटी: येथे खेळण्यास मनाई आहे.

घरात शिरणाऱ्या पडद्याची सुरुवात आमच्याच लहानपणी झाली होती. 25 जानेवारी 1987 ला दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं आणि रविवारी सकाळी आळी ओस पडू लागली. पण वाड्यात टीव्ही एकच होता. सगळी बिऱ्हाडं एका खोलीत दाटीवाटीनं बसायची, आणि मालिका संपली की आम्ही चौकात येऊन खराट्याच्या काड्यांचे बाण करायचो. पडद्यावरचं बघणं लगेच खेळात उतरायचं. माझ्या मुलीची पहिली इयत्ता मात्र पडद्यावरच झाली. 2020 च्या टाळेबंदीत शाळा बंद झाल्या आणि अक्षरओळख, बेरीज-वजाबाकी, बाईंशी बोलणं, मैत्रिणीचा वाढदिवस, सगळं एका हातभर चौकटीतून झालं. शाळा पुन्हा भरली तेव्हा डब्याच्या सुट्टीत मुली एकमेकींसमोर नुसत्या बसून असायच्या, असं तिच्या बाईंनी मला सांगितलं. एकमेकींशी काय खेळायचं, हे त्यांना माहीत नव्हतं.

मग तिला चष्मा लागला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नंबर लिहून दिला आणि विचारलं, ‘‘रोज उन्हा-उजेडात किती वेळ असते?’’ मी हिशेब केला तर बसमध्ये चढता-उतरतानाचा वेळ सोडून सांगण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी समजावून सांगितलं ते असं: लहान वयात डोळ्याचा गोल वाजवीपेक्षा लांबट वाढला की दूरचं अंधुक दिसू लागतं. दिवसाच्या स्वच्छ उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामाइन नावाचं द्रव्य पाझरतं आणि ते या वाढीला लगाम घालतं, असं मानलं जातं. घरातला दिव्याचा प्रकाश आपल्याला पुरेसा वाटतो, पण बाहेरच्या उजेडाच्या मानानं तो फारच कमी असतो. तैवानमध्ये मुलांचे चष्मे फार वाढले, तेव्हा 2010 साली सरकारनं शाळांमधून मुलांना रोज 120 मिनिटं उघड्यावर ठेवण्याची मोहीमच सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनाही 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी 60 मिनिटं मध्यम ते जोरदार हालचालीची शिफारस करते. डॉक्टर म्हणाले, ‘‘औषध लिहून देतो तसं लिहितो: रोज दोन तास बाहेर.’’ आणि खरोखरच त्यांनी ते कागदावर लिहिलं.

तो कागद घेऊन घरी आले तेव्हा दिवाळी जवळ आली होती. सहामाही संपल्या की किल्ला करायचा, ही आमच्याकडची रीत. वाईत आम्ही विटा आणि दगड रचायचो, त्यावर भिजवलेली पोती टाकायचो, त्यावर चिखल थापायचो, कडेकपाऱ्या बोटांनी कोरायचो आणि उतारांवर अळीव पेरायचो. चार-पाच दिवसांत हिरवं रान उगवायचं. कुंभाराकडून मावळे, तोफा, महाराज अशी चित्रं आणून मांडायची. आता पुण्यात प्लास्टरचे तयार किल्ले विकत मिळतात आणि आमच्या सोसायटीत बहुतेकांच्या दारात तेच दिसायचे. मी आणि आणखी दोघी आयांनी मिळून ठरवलं की यंदा नुसती माती आणायची. एका टेम्पोवाल्याकडून माती मागवली, बांधकामावरच्या फुटक्या विटा मागून आणल्या, पोती आणली आणि कुंपणाच्या कोपऱ्यात ढीग घातला. मुलांना सांगितलं, हे तुमचं. आम्ही मधे येणार नाही.

पहिल्या संध्याकाळी काहीच झालं नाही. मुलं ढिगाभोवती उभी राहिली आणि माझी मुलगी मला विचारायला आली, ‘‘आई, आधी काय करायचं?’’ मी म्हटलं, ‘‘तुम्हीच ठरवा गं.’’ दुसऱ्या संध्याकाळी भांडण झालं. राजगड करायचा की सिंधुदुर्ग, यावरून दोन तट पडले आणि एक मुलगा रडत घरी गेला. वर खिडकीतून बघताना माझे पाय खाली जायला निघत होते. मी स्वतःला थांबवलं. थोड्या वेळानं दोन मुली त्याला बोलवायला गेल्या. तिसऱ्या दिवशी कळलं की राजगडच करायचा, पण पायथ्याशी तळं खणून त्यात सिंधुदुर्ग उभा करायचा. चिखल पोत्यावर टिकत नव्हता, सारखा घसरत होता. तेव्हा फाटकावरच्या रखवालदाराचा नऊ वर्षांचा मुलगा पुढे आला आणि म्हणाला, ‘‘यात शेण नाहीतर भुसा घाला, तरच धरंल.’’ तो लातूरकडच्या गावाहून आलेला. घराच्या भिंती सारवताना त्यानं पाहिलं होतं. सुताराकडून भुसा आणला, चिखल टिकला आणि त्या दिवसापासून बांधकामाचा मुकादम तोच झाला. पाच वर्षांच्या एका चिमुरड्याला अळिवाला पाणी घालायचं काम मिळालं. ते त्यानं इतक्या नेमानं केलं की दिवाळीभर पहाटे उठल्याबरोबर तो आधी किल्ल्याकडे पळायचा.

दिवाळी संपली, किल्ला उतरवला, पण मुलं रोज खाली जमायची थांबली नाहीत. आता त्यांना जागा हवी होती. आणि जागा मागितली की मोठ्यांचे प्रश्न सुरू होतात.

सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा मुद्दा मी आयत्या वेळच्या विषयांत मांडला: ती पाटी काढावी, आणि इमारतीसमोरच्या पट्ट्यातल्या गाड्या संध्याकाळी साडेपाच ते साडेसात मागच्या बाजूला लावाव्यात. तासभर चर्चा झाली. काच फुटली तर भरून कोण देणार? आवाजानं आजाऱ्यांना त्रास होईल. मूल पडलं, हात मोडला तर जबाबदारी कुणाची? एका सभासदांनी विचारलं, ‘‘मैदान आहे ना पलीकडे? तिथे न्या.’’ ते मैदान दोन मोठे रस्ते ओलांडून आहे आणि तिथे एक क्रिकेटचा वर्ग चालतो. मी उठून सांगितलं की खेळणं हा मुलांचा हक्क म्हणून जगानं मान्य केलेला आहे. संयुक्त राष्ट्रांनी 20 नोव्हेंबर 1989 ला बालहक्कांचा करार स्वीकारला, त्याचं 31 वं कलम विश्रांतीचा आणि खेळाचा हक्क सांगतं, आणि 1992 साली भारतानं तो करार स्वीकारलेला आहे. सभा माझ्या या बोलण्यानं बदलली नाही. ती बदलली तळमजल्यावरच्या आजींच्या बोलण्यानं. सगळ्यात जास्त आवाज त्यांच्याच खिडकीखाली होणार होता. त्या म्हणाल्या, ‘‘मला दुपारी तीन ते पाच झोपू द्या. त्यानंतर पोरांचा आवाज आला तर मला बरंच वाटेल. दिवसभर लिफ्टच्या आवाजाशिवाय काही ऐकू येत नाही.’’

ठरलं ते असं: साधा रबरी चेंडू, सीझनचा चेंडू नाही. साडेपाचनंतर समोरच्या पट्ट्यात गाडी नाही. फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येक गाडीनं चालणाऱ्या माणसाच्या वेगानं यायचं. काच फुटली तर ज्या मुलाच्या हातून फुटली त्याच्या घरानं भरून द्यायची. खेळायला फक्त सभासदांचीच मुलं यावीत, अशी एक सूचना आली. रखवालदाराच्या मुलाचा त्यात विचार होता, हे सगळ्यांना समजलं. त्यावर आम्ही काही जण अडून बसलो. वाड्यातल्या चौकाबाहेर थांबलेली मुलं मी पाहिलेली आहेत. माझ्या मुलीच्या खेळाला तसा उंबरठा नको होता. ती सूचना शेवटी मागे घेतली गेली.

आता रोज गाडी मागे लावायला जाणं, तिथून पिशव्या उचलून चालत येणं, हे सगळ्यांना जड जातं. पावसाळ्यात तर फारच. कधी कुणी नियम मोडतं, मग कुरबुर होते. एकदा एका गाडीचा आरसा फुटला आणि दोन घरांत आठवडाभर अबोला होता. पण मुलं खेळतात. लगोरी मी शिकवली, डबा ऐसपैस एका आजोबांनी शिकवलं. बाकी बरेच खेळ त्यांनी स्वतः रचलेले आहेत आणि त्यांचे नियम आम्हाला कळत नाहीत. मुली मुलांच्या बरोबरीनं खेळतात, आणि माझी मुलगी वयात आली म्हणून तिचा खेळ थांबलेला नाही. महिन्यातल्या त्या दिवसांत तिला वाटलं तर ती खेळते, नको वाटलं तर पायरीवर बसून गुण मोजते. हे बघताना मला फार समाधान वाटतं.

आणखी एक बदल मला अपेक्षित नव्हता. मुलं खाली असू लागली तशी मोठी माणसंही खाली येऊ लागली. आधी लिफ्टमध्ये मान खाली घालून उभे राहणारे शेजारी आता मुलांची नावं घेतात. एकदा माझी मुलगी तीन मुलांबरोबर कोपऱ्यावरच्या दुकानात पेन्सिली आणायला गेली, मला न विचारता. मला ते कळलं ते पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या फोनवरून: ‘‘अगं, गेलीय ती, मी बघितलंय. रस्ता ओलांडला नाही, अलीकडच्याच दुकानात आहे.’’ घाटावरून घरी पोचणारी बातमी अशीच असायची. त्या दिवशी तिला परतायला वेळ लागला, पण माझ्या काळजात धस्स झालं नाही.

म्हणून आता कुणी मला विचारलं की हल्लीच्या मुलांचं बालपण कुठे हरवलं, तर मी मुलांकडे बोट दाखवत नाही आणि मोबाईलकडेही नाही. मुलं आजही भांडून समेट करू शकतात, चिखलात हात घालतात, लहानाला सांभाळून घेतात. त्यासाठी त्यांना जे लागतं ते आम्हा मोठ्यांच्या हातात आहे: थोडी जागा, आमच्या सूचनांविना दोन तास, आसपास ओळखीच्या माणसांचे डोळे, आणि काही नकोसं घडलं तर ते ऐकून घेणारं घर. यातली शेवटची गोष्ट आमच्या आईवडिलांच्या पिढीला जमली नाही, आम्हाला जमू लागली आहे. पहिल्या तीन त्यांना जमत होत्या, आणि त्याची किंमत ते रोज मोजत होते: मोडलेली झोप, मातीत गेलेले पापड, फुटलेली कौलं. आमच्या वाट्याची किंमत वेगळी आहे. गाडी लांब लावायची, फाटकात वेग कमी करायचा, आवाज सहन करायचा आणि दुसऱ्याच्या मुलावरही लक्ष ठेवायचं. फाटकाबाहेरच्या रस्त्यावर शाळेपर्यंत सलग पदपथ आणि दोन ठिकाणी गतिरोधक हवेत, असा अर्ज सोसायटीतल्या बहुतेक घरांनी सह्या करून महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात दिला आहे. पहिली सही तळमजल्यावरच्या आजींची आहे. तो पदपथ झाला की माझी मुलगी शाळेत चालत जाईल, एकटी नाही, सोसायटीतल्या सगळ्या मुलांबरोबर. आणि तो होईपर्यंत आम्ही पुन्हा पुन्हा जाऊन विचारत राहणार आहोत.